दोन गाठींची बरणी

ऑरिनने मुठीतली वाळू हलकेच, फुंकर घातल्यासारखी सोडली. तारेला टांगलेल्या पोलादी पट्टीवरचा रंग अजून ओला होता. वाळू त्यावर बसली आणि पट्टीची चकाकी बघता बघता विझली. त्याने तार दोन बोटांत धरून फिरवली, मागच्या बाजूला आणखी एक चिमूट टाकली, आणि दोर जिथून ओवतात ते भोक मात्र अंगठ्यावर गुंडाळलेल्या फडक्याने स्वच्छ पुसून घेतलं.

"दोराच्या वाटेत वाळू नको," तो म्हणाला. "तो फार मनाला लावून घेतो."

लॉरेल हसली. सात महिन्यांच्या रूथीला कडेवर घेऊन ती गॅरेजच्या दाराबाहेर उभी होती, वारा जिकडून येत होता त्या बाजूला. रंगाचा वास रूथीपर्यंत पोचत नाही ना, हे तिने दोनदा जागा बदलून पाहिलं होतं. तरीही ती नाक वर करून पुन्हा एकदा हुंगून पाहत होती.

"पोरी, तू त्या लेकराला आणखी लांब नेलंस तर दोघी कोलोरॅडोत पोचाल."

"पोचू दे. तिथे तरी तुम्ही चिडवायला नसाल."

तारेवर सहा पट्ट्या होत्या; त्यांच्या साखळ्या आधीच रंगून झाल्या होत्या. उद्या त्या धुणंवालीवर बसायच्या होत्या. गावापासून तासाभरावरचा हा सुळका लांबून अगदी पाटावर ओणवून कपडे चोळणाऱ्या बाईसारखा दिसतो, म्हणून सगळे कातळचढे त्याला धुणंवालीच म्हणतात. खालचा दोनतृतीयांश कातळ नारिंगी, भाजल्या विटेसारखा. वरचा काळपट, कोकोच्या पुडीसारखा. खालच्या अँकरच्या, म्हणजे दोर अडकवायच्या जागेच्या, दोन पट्ट्यांना विटकरी रंग, वरच्या दोन अँकरांच्या चार पट्ट्यांना काळपट. आणि प्रत्येकीवर त्याच थराची वाळू, ऑरिनने सुळक्याच्या पायथ्याशी पडलेल्या खडकांतून कुटून आणलेली. कातळावर उभं राहून रंगाचा फवारा मारणारे लोक त्याला आवडत नसत. रंग घरी, आणि कातळावर फक्त रंगलेली वस्तू, असा त्याचा शिरस्ता होता.

वाळूच्या दोन बरण्या बाकावर शेजारी शेजारी होत्या. एकीच्या गळ्याला सुतळी बांधलेली होती आणि तिला एक गाठ होती. दुसरीच्या सुतळीला दोन गाठी होत्या.

लॉरेलने या सुतळ्या याआधी पाहिल्या नव्हत्या. रूथी पोटात येण्याआधी तीन वर्षं ऑरिनच्या मदतनिसाचं काम तीच करत होती. अकरा अँकर तिने त्याच्याबरोबर बदलले होते. बरण्या तेव्हाही ह्याच होत्या. गाठी नव्हत्या.

तिने पुढे होऊन रूथीची दुधाची बाटली बाकावर ठेवली. ठेवताना बरण्या सरकवाव्या लागल्या, आणि त्यांची जागा उलटसुलट झाली. मुद्दाम केलं की आपोआप झालं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

ऑरिनने पुढची पट्टी काळपट रंगवली. डब्यावरही, तिला आता दिसलं, रबराची दोन कडी चढवलेली होती. मग त्याने मागे न बघता हात लांबवला. बोटं पहिल्या बरणीच्या गळ्याशी गेली, एक गाठ चाचपून थांबली, तिथून उठून दुसरीकडे गेली. दोन गाठी. ती बरणी त्याने उचलली.

रंग अचूक जमला होता. इतका, की पट्टी बाकावर पडलेल्या कातळाच्या तुकड्याशेजारी धरली तर कुठे काय संपतं ते कळेना.

"कसं झालंय?" त्याने विचारलं.

"छान," लॉरेल म्हणाली. तिचा हात रूथीच्या पाठीवर जरा घट्ट झाला.

*

सकाळी ट्रकमध्ये तिने नवऱ्याजवळ विषय काढून पाहिला. पावसानंतर तीन दिवस त्यांनी वाट पाहिली होती. ओला वालुकाश्म बिस्किटासारखा मऊ पडतो, बोल्टसुद्धा धरत नाही. आज सप्टेंबरचं कोरडं, लख्ख ऊन होतं.

"डेल, ऑरिनला नीट दिसतं का रे?"

"त्याला? तो मैलावरून सरडा ओळखतो."

"सरडा हलतो. मी रंगांचं विचारतेय. आणि समोरून ऊन आलं की ते डोळे मिटून घेतात. बघितलंस कधी?"

"ऊन समोरून आलं की मीही मिटतो." डेलने तिच्याकडे पाहिलं, मग मागे सीटवर बांधलेल्या रूथीकडे. पट्टा लॉरेलने निघताना तीनदा ओढून पाहिला होता. "तू रात्री झोपलीस का?"

 गेल्या सात महिन्यांत तिने इतक्या गोष्टींची भीती बोलून दाखवली होती, की आता खरी भीती तिच्याच तोंडून खोटी वाटत होती. टेबलाचे कोपरे, द्राक्षं, चादरीची कड, शेजाऱ्यांचं मांजर. घरातल्या प्रत्येक धोक्याच्या जागेवर तिने भडक केशरी चिकटपट्टी लावली होती. डेल म्हणायचा, घर नव्हे हे, रस्त्याचं काम चालू आहे.

आणि हा म्हातारा, ज्याच्यावर माणसाचा जीव टांगायचा तीच वस्तू दिसणार नाही अशी करतो. तिच्या हातात असतं तर तिने पट्ट्यांनाही केशरीच रंग दिला असता.

*

पायथ्याशी बेगेबाई आधीच पोचल्या होत्या. वेल्मा बेगे जमिनीच्या सरकारी कार्यालयात होत्या, आणि धुणंवालीवर लोंबणाऱ्या रंगीत चिंध्यांबद्दल पायवाटेने जाणाऱ्यांच्या तीन तक्रारी त्यांच्या टेबलावर आल्या होत्या. म्हणून आज त्या स्वतः दुर्बीण आणि जाडसर वही घेऊन आल्या होत्या.

"मला नवी साखळी दिसली," त्यांनी ऑरिनला सांगितलं, "तर या खोऱ्यातले बाकीचे चौदा सुळके विसरा."

"आणि नाही दिसली तर?"

"तर मी म्हणेन, तुम्ही बसवलीच नाही."

ऑरिन खोखो हसला. बहात्तर वर्षांचा, वाळलेल्या देवदारासारखा माणूस. अठ्ठ्याहत्तर सालच्या वसंतात, दोन मित्रांबरोबर, या सुळक्याच्या डोक्यावर पहिल्यांदा उभा राहिला होता तोच. तेव्हा हाताने भोकं पाडून ठोकलेल्या त्याच्याच मेखा अजून वर होत्या, आणि त्यांना वर्षानुवर्षं जो तो बांधत गेलेल्या, उन्हाने विटलेल्या कापडी पट्ट्यांचा जुडगा. निळ्या, गुलाबी, पिवळ्या. मैलावरून दिसायच्या.

"स्वतःचा पसारा स्वतः आवरलेला बरा," तो हार्नेसचा पट्टा कसत म्हणाला. "नंतर लोक नावं ठेवतात."

लॉरेलने त्याचा पट्टा बघितला, गाठ बघितली, मग डेलचीही बघितली. डेलने हात वर करून झडती दिल्यासारखं केलं. रूथी सावलीतल्या गोधडीवर पालथी पडून स्वतःच्या मुठीचा फडशा पाडत होती.

मग ऑरिन आणि डेल चढले आणि लॉरेल भीती विसरली.

किती दिवसांनी ती हे बघत होती! ऑरिन कातळाला हातोडीच्या दांड्याने टकटक करत सरकायचा आणि कान लावायचा, वैद्याने पाठ ठोकावी तसा. पोकळ आवाज आला की पुढे. भरीव आवाज आला की तिथे तळहात ठेवून थांबायचा. मग ड्रिल. मग फुंकणीने भोकातली धूळ काढणं, ब्रशने, पुन्हा फुंकणीने, पुन्हा ब्रशने, लोक कंटाळतात त्याच्या पुढे चार वेळा. विटकरी धूळ तो वाया घालवत नसे, कापडी पिशवीत धरायचा. जुनी मेख त्याने पकडीत धरून इकडून तिकडे हलवली, आणि ती नुसत्या मनगटाच्या जोरावर बाहेर आली. चार बोटं लांब, पार गंजलेली.  त्या मेखेवर लॉरेल स्वतः लोंबकळली होती, दीड वर्षापूर्वी.

रिकाम्या भोकात त्याने गोंदात कालवलेली तीच धूळ भरली, ओल्या ब्रशचे शिंतोडे मारले, बोटाने कातळाचा पोत उठवला. पंधरा मिनिटांत तिथे कधी काही नव्हतंच.

"कुठे होतं ते?" बेगेबाईंनी दुर्बिणीतून विचारलं.

"त्या आडव्या भेगेच्या खाली, वीतभर."

"नाही दिसत."

"मलाही दिसत नाही," लॉरेल म्हणाली. "मला माहीत आहे म्हणून मी बघतेय."

दुसरा अँकर वरच्या काळपट थराच्या सुरुवातीला, चाळीस मीटरवर होता. जुना होता तो कातळाच्या उभ्या धारेच्या उजव्या अंगाला. तिथे ऑरिनने खूप टकटक केली, मान हलवली, आणि धार ओलांडून डाव्या अंगाला, दोन हात पलीकडे, एका जागी तळहात ठेवला. तोवर तो दमला होता. तिथली भोकं डेलने पाडली, पट्ट्या त्यानेच बसवल्या. ऑरिन उजवीकडे बसून सुरीने कापडी पट्ट्यांचा जुडगा कापत होता. निळ्या, गुलाबी, पिवळ्या चिंध्या एकेक करून पिशवीत गेल्या. 

तीन वाजेपर्यंत माथ्यावरचा अँकरही झाला. ऊन पश्चिमेकडे कललं आणि सबंध कडा पेटल्यासारखा झळाळू लागला.

"डेल वर थांबतोय," वरून ऑरिनची हाक आली. "भरलेलं भोक वाळू दे जरा. मी येतो खाली, दोन्ही अँकर बघत."

त्याने दोरावर वजन टाकलं. माथ्यावरचा फुगवटा ओलांडून तो खाली आला तसा डेल दिसेनासा झाला.

लॉरेलने बेगेबाईंची दुर्बीण मागून घेऊन डोळ्यांना लावली. ऑरिन शांतपणे, पाय कड्याला टेकवत, रॅपलिंग करत येत होता. दर दोन पावलांनी मान वळवून खाली बघायचा आणि उन्हात आल्यावर डोळे मिटून घ्यायचा. दुसरा अँकर जवळ आला; दोर जमिनीपर्यंत पुरत नव्हता, तिथे थांबून तो पुन्हा ओवायचा होता. तो धारेशी पोचला आणि उजवीकडे वळला.

चाळीस वर्षं त्याची नजर तिथे रंगीत चिंध्या शोधत आली होती. चिंध्या आज सकाळी त्यानेच कापल्या होत्या.

त्याने उजवा हात कातळावर फिरवला. खाली सरकला. पुन्हा फिरवला. डावीकडे, धारेपलीकडे, नव्या पट्ट्या होत्या, त्याच्या डोक्याच्या पातळीला. काळपट कातळात काळपट. त्याच्या पावलांखाली तीन हातांवर कडा आत वळत होता. ती कड एकदा ओलांडली की माणूस हवेत. दोराच्या टोकांना गाठी होत्या, पडला नसता. पण अधांतरी लोंबकळत राहिला असता, आणि तिथून दोरावर परत वर चढणं पंचविशीतल्या माणसाचाही घाम काढणारं होतं. ऑरिनला ते जमलं नसतं. हे त्यालाही माहीत होतं, म्हणूनच तो आता पूर्ण थांबला होता, एका हाताने दोर धरून, चेहरा कातळाकडे करून.

तो हाक मारणार नव्हता. त्याने अँकर दिसत नाही असं ओरडून सांगितलं असतं, तर या शांत खोऱ्यात ते वर डेलला ऐकू गेलं असतं, आणि इथे वही उघडून उभ्या असलेल्या बाईंनाही. मग उद्यापासून त्याच्या हातात ड्रिल कुणी दिलं असतं?

तो आणखी अर्धा हात खाली सरकला.

"ऑरिन!" लॉरेल ओरडली. आवाज कड्यावर आपटून परत आला. "थांबा, तिथेच थांबा! फोटो काढतेय!"

वर काही हललं नाही.

"अहो, उन्हाकडे पाठ करून काय उभे राहता? तोंड दिसत नाहीये. डावीकडे व्हा. डावीकडे! त्या धारेच्या पलीकडे!"

क्षणभर काहीच झालं नाही. मग ऑरिनचा डावा पाय उचलला गेला आणि धारेवरून पलीकडे टेकला.

"हां! आता डावा हात वर. ऐटीत! डोक्याच्या जरा वर. आणखी. नाही, कातळावर ठेवा, पुढारी भाषण देतात तसा नको. थोडा मागे... आता पलीकडे..."

हात कातळावरून रांगत गेला. बोटं पसरली, थांबली, आणि गाठ चाचपल्यासारखी मिटली. साखळीचा बारीकसा आवाज चाळीस मीटर खाली आला.

"असा?" ऑरिनने विचारलं. 

"अगदी असा," लॉरेल म्हणाली. "हलू नका."

त्याने हार्नेसची कापडी पट्टी साखळीला अडकवली, कॅरॅबिनरच्या कडीचा खटका वाजला, आणि मग तो कपाळ कातळाला टेकवून थोडा वेळ उभा राहिला.

"काय चाललंय खाली?" माथ्यावरून डेल ओरडला.

"तुझ्या बायकोला माझं रूप आवडलंय," ऑरिनने वर सांगितलं. "तू ये तुझ्या सोयीने."

लॉरेलने दुर्बीण खाली घेतली.  मग तिला रूथी आठवली आणि ती गर्रकन वळली. रूथी गोधडीवर मजेत बसली होती आणि लॉरेलच्या फोनचा कोपरा चघळत होती. तो तिच्या हातात कधी दिला, की कधी पडला, काही आठवेना.

बेगेबाईंनी रूथीकडे पाहिलं. फोनकडे पाहिलं. वर, अँकरच्या दिशेने पाहिलं. मग वहीचं पान उलटलं.

"दुसरा अँकर," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या, "दिसला नाही."

*

खाली आल्यावर ऑरिनने हेल्मेट काढून दगडावर ठेवलं आणि आधी पाणी प्यायला. बेगेबाईंनी त्याला वहीतलं पान सहीसाठी पुढे केलं. रेघ कुठे आहे, तिथे त्यांनी आपलं बोट ठेवलं होतं.

"चौदा सुळके आहेत," त्या म्हणाल्या. "घाई नको. माणसं नीट जमवा आणि करा."

"माणसं आहेत," ऑरिन म्हणाला.

त्या गेल्यावर त्याने ट्रकमधून ग्रीन रिव्हरचं खरबूज आणलं. दर सप्टेंबरात तो तिथे जाऊन पेटीभर घेऊन यायचा. कापायला त्याने सुरी लॉरेलकडे दिली. पूर्वी देत नसे. खरबूज कापायची तिची पद्धत त्याला पसंत नव्हती.

डेल दोर ओढून, गुंडाळून आला तेव्हा त्याचे खांदे लाल धुळीने माखले होते. एक फोड तोंडात कोंबत तो म्हणाला, "दाखव की फोटो."

"चांगला नाही आला."

"इतका आरडाओरडा करून?"

"ऊन चुकलं," लॉरेल म्हणाली.

डेलने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा ऑरिनकडे. ऑरिन खरबुजाच्या बिया एकेक करून फडक्यात गोळा करत होता.  मग डेलने आणखी एक फोड घेतली आणि तो ड्रिल ट्रकमध्ये ठेवायला गेला.

लॉरेलने रूथीची हनुवटी पुसली. पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

"मंगळवारी मी ग्रँड जंक्शनला जातेय," ती म्हणाली. "हिच्या लशीसाठी. त्याच इमारतीत डोळ्यांचे डॉक्टर बसतात."

ऑरिनने एक बी उचलली, उन्हात धरून बघितली.

"लांब आहे."

"दोन तास. हिच्याशेजारी मागे कुणीतरी बसायला लागतं. नाहीतर मी सारखी वळून बघते आणि डेलला वाटतं मी ट्रक नदीत घालणार."

"मला लहान मुलांच्या गोष्टी येत नाहीत."

"मेखांच्या सांगा. तिला काय कळतंय?"

तो उठून ट्रकपाशी गेला, सामानाच्या पेटीत हात घालून चाचपत राहिला, आणि परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत बरण्या होत्या. त्या त्याने लॉरेलसमोर गोधडीच्या कडेला ठेवल्या. रूथीने लगेच पुढे झेप घेऊन एकीची सुतळी पकडली.

"पुढच्या सुळक्याचा रंग तू कर," तो म्हणाला. "गाठी सोडून टाक. तुला लागणार नाहीत."

लॉरेलने रूथीच्या मुठीतून सुतळी सोडवून घेतली. दोन गाठींची होती. नखाने पहिली गाठ ढिली करू लागली, आणि मग थांबली.

"मंगळवारनंतर बघू," ती म्हणाली आणि गाठ पुन्हा घट्ट केली.

मागे धुणंवालीवर ऊन उतरलं होतं. ऑरिनने त्या बाजूला तोंड केलं आणि डोळ्यांवर हात धरला.

"अँकर दिसतोय का कुठे?"

लॉरेलने वर बघितलं. भेग, धार, काळपट थर. तिने बराच वेळ शोधलं.

"नाही," ती म्हणाली. "कुठेच नाही."